रेस फेस चेस्टर पेडल: ट्रायल्सला नायलॉन चालतं का? चालतं, आणि मस्त चालतं

आपल्याकडे सायकल ट्रायल्स, म्हणजे सायकलवरून दगड, कट्टे, पायऱ्यांवर उड्या मारत जायचा खेळ, चालवणारे मोजकेच, पण नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यातच विचारतं की पेडल कोणतं घेऊ, हलकं पाहिजे आणि टिकलंही पाहिजे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. मी 24 इंची स्ट्रीट ट्रायल्स बाइकवर रेस फेस कंपनीचं चेस्टर पेडल वापरतोय. पुण्यात वेताळ टेकडीवर खाणीकडचे दगड, शहरातले कट्टे, पायऱ्या, पावसाळ्यातला चिखल, सगळं झालंय त्याच्यावर. त्याच्या आधी मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, केज असे बाकीचे प्रकारही पायाखालून गेलेत. मत आधीच सांगून टाकतो: वजन वाचवायचं तर पेडलच्या बॉडीत वाचवा, अ‍ॅक्सलमध्ये (पेडलचा आतला दांडा) अजिबात नको. चेस्टर नेमकं हेच करतं, म्हणून मला ते पटलं.

आधी ट्रायल्समध्ये पेडलचं काय होतं ते बघा, कारण माउंटन बाइकचे रिव्ह्यू वाचून पेडल घेतलं की इथेच गडबड होते. आपल्या बाइकला सीट जवळजवळ नसतेच, म्हणजे पूर्ण वेळ अख्खं वजन दोन पेडलांवर. त्यात मागच्या चाकावर उभं राहायचं, तिथून अर्धा ब्रेक सोडत पेडल किक मारायची, म्हणजे पुढचा पाय साधारण आडव्याच्या थोडा वरून एकदम दाबायचा आणि पाव फेऱ्यात सगळी ताकद काढायची. मग मीटरभर उंचीवरून खाली उतरायचं, क्रँक (पेडल जिला लागतं ती दांडी) आडवी, दोन्ही पाय लेव्हलला, आणि तो सगळा दणका अ‍ॅक्सलच्या मुळाशी जिथे पेडल क्रँकमध्ये जातं तिथे बसतो. आणि हे पुन्हा पुन्हा, नेहमी तोच पाय पुढे ठेवून, त्यामुळे जो पाय पुढे त्या बाजूचं पेडल जास्त मार खातं. साध्या सायकलिंगमध्ये पेडल गोल गोल फिरून झिजतं, आपल्याकडे ते फारसं फिरतच नाही, नुसते धक्के खातं, आणि ते पण अ‍ॅक्सलच्या त्याच एका बाजूवर.

आता चेस्टर. बॉडी नायलॉन कंपोझिट, अ‍ॅक्सल क्रोमोली स्टीलचं, आत सील्ड बेअरिंग आणि बुश (बेअरिंगसारखं काम करणारी साधी नळी), प्लॅटफॉर्म म्हणजे पाय ठेवायचा सपाट भाग 110 बाय 101 मिलीमीटर, प्रत्येक बाजूला 8 स्टीलच्या पिना आणि त्या बदलता येतात. जोडीचं वजन कंपनी 340 ग्रॅम सांगते. तुलनेला शिमानोचं जीआर 500 घ्या, अ‍ॅल्युमिनियम बॉडीचं चांगलं दणकट पेडल आहे, जोडी 533 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दोनशे ग्रॅमचा फरक आणि अ‍ॅक्सल दोन्हीकडे क्रोमोलीचंच. हा फरक येतो कुठून तर नुसत्या मटेरियलमधून, अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7 आणि काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनची साधारण 1.3 ते 1.4, निम्मीच. नायलॉनची बॉडी जरा जाड करावी लागते हे खरं, तरी बचत उरतेच.

दोनशे ग्रॅमनी काय होतं असं कोणी म्हणेल. ट्रायल्सची बाइक आठ-दहा किलोची असते आणि साइडहॉप, म्हणजे उभ्या उभ्या बाजूला उंचावर उडी, करताना ती तुम्ही पायांनी ओढून वर आणता, पंजे खाली वळवून पेडल मागे ढकलत वर उचलायचं असतं. ते वजन थेट पायांखाली आहे, आणि तासभर सराव झाल्यावर फरक कळतो. पण खरं सांगायचं तर मी चेस्टर वजनासाठी घेतलं आणि ते ठेवलं मात्र दुसऱ्याच कारणासाठी.

ते कारण म्हणजे दगडावर घसरणं. साइडहॉपमध्ये थोडी उंची कमी पडली की पेडलचा बाहेरचा कोपरा दगडाच्या कडेला लागतो, हे सगळ्यांचंच होतं. अ‍ॅल्युमिनियमचं पेडल असेल तर कोपरा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात चक्क रुततो, बाइक तिथेच अडते आणि तुम्ही पुढे, किंवा वाईट म्हणजे मागे. नायलॉन रुतत नाही. ते खरवडतं, थोडं सोलतं आणि सरकून जातं. बऱ्याचदा हुकलेली उडी त्यामुळे कशीबशी का होईना पार होते, चाक कडेवर टेकतं आणि पुढचं सांभाळता येतं. माझ्या पेडलांचे कोपरे आता खरवडून गोल झालेत, पांढरे धागे निघालेत, पण तडा एकही नाही. मला तर वाटतं कोपरे गोल झाल्यापासून ती अजूनच छान सरकतात. कडांवर धारेसारखा निघालेला बारीक भाग तेवढा ब्लेडने कापून टाकायचा, नाहीतर नडगी सोलते.

पिनांचं पण एक सांगायला हवं. पिना खालून बसणाऱ्या हव्यात, म्हणजे वर टोक आणि अ‍ॅलन कीची खाच उलट्या बाजूला. ज्या पेडलांना नुसते ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) वरून बसवलेले असतात त्यांची खाच पहिल्याच दगडाला चेपून बंद होते, मग पकड घेऊन झटापट करत बसा. खालून बसणारी पिन वाकली तरी मागून किल्ली जाते आणि निघते. ट्रायल्सवाल्याने पेडल घेताना वजनाच्याही आधी ही गोष्ट बघावी असं माझं ठाम म्हणणं आहे. फक्त नायलॉनमध्ये पिना आवळताना जोर लावू नका, टेकल्या की थोडंसं घट्ट एवढंच, आटे प्लॅस्टिकमध्ये आहेत.

ग्रिप कशी? चांगली, सर्वोत्तम नाही. 8 पिना म्हणजे मध्यम, आणि वरचा भाग बऱ्यापैकी सपाट आहे, पाय आत बसल्यासारखं फार वाटत नाही. वनअपच्या कंपोझिट पेडलला प्रत्येक बाजूला 10 पिना आहेत, प्लॅटफॉर्म 115 बाय 105 आणि वजन 355 ग्रॅमच्या आसपास, पाय मोठा असेल आणि बजेट असेल तर त्याच्याकडे जरूर बघा. मला स्वतःला चेस्टरची मध्यम ग्रिप आवडते, कारण ट्रायल्समध्ये पाय पटकन काढून जमिनीवर टेकवायची वेळ सारखी येते आणि मागच्या चाकावर उभं असताना पाय अर्धा सेंटीमीटर हलवून जागा नीट करावी लागते, पायाला चिकटलेल्या पेडलवर ते जमत नाही. आणि निम्मी ग्रिप बुटाची असते हे विसरू नका, कडक सोलचे रनिंगचे बूट घालून कितीही महागडं पेडल घेतलं तरी पाय उडणारच. सपाट, मऊ रबराचा सोल पाहिजे, त्यात पिना रुतल्या पाहिजेत.

आता ज्यांच्याशी खरी स्पर्धा आहे ते प्रकार. केज पेडल म्हणजे दातेरी पातळ पट्टीचं चौकोनी कडं आणि मधे मोकळं, कॉम्पिटिशनवाले 20 इंची आणि 26 इंची बाइकवर हेच वापरतात आणि त्याला कारण आहे. हा खेळ मुळात मोटरसायकल ट्रायल्समधून आलाय, स्पेनमध्ये पेरे पी स्वतः मोटरसायकल ट्रायल्सचा मोठा रायडर, त्याने मुलासाठी, म्हणजे ओट पीसाठी सायकल बनवली आणि त्यातून मॉन्टी कंपनी उभी राहिली, ओट पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला. मोटरसायकलचा फूटपेग बघा, तोही दातेरी आणि मधे पोकळ, चिखल खाली पडून जावा म्हणून. केज पेडलचं कामही तसंच चालतं. ओल्या शेवाळलेल्या दगडांवर, बुटाला चिखल असताना, ते दात जे पकडतात त्याला तोड नाही. आणि आकाराने लहान, म्हणून दगडाला कमी लागतं. पण पट्टी वाकते, सरळ करता करता एक दिवस तुटते, आणि नडगीला लागलं तर पिनेसारखं भोक पडत नाही, करवतीसारखी ओरखड्यांची ओळ उठते. सेक्शन, म्हणजे स्पर्धेसारखा आखलेला अडथळ्यांचा टप्पा, राइड करणार असाल, नैसर्गिक दगड आणि पाणी असेल, तर केज घ्या. कट्टे, पायऱ्या, बनीहॉप (दोन्ही चाकं उचलून उडी), स्पिन असं स्ट्रीटचं चालवणार असाल, म्हणजे 2009 मध्ये ट्रायल्स रायडर डॅनी मॅकअ‍ॅस्किलचा एडिनबरामधला व्हिडिओ आल्यापासून आपल्यातले बहुतेक जण जे करायला बघतात ते, तर पायाला मोठा प्लॅटफॉर्मच पाहिजे, कारण हवेत बाइक फिरवून परत पाय शोधायचा असतो.

मॅग्नेशियम हा ट्रायल्सवाल्यांचा जुना लाडका. वेलगो एमजी-1 वर तर जगभर कित्येक जण शिकले, जोडी पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, त्या काळात प्लॅटफॉर्म पेडल म्हणून हे फारच हलकं होतं. मॅग्नेशियमची घनता 1.74, म्हणून हलकं, पण धक्क्याला ते नायलॉनसारखं वाकून परत येत नाही, कोपरा लागला की टवका उडतो. माझ्याकडे एक मॅग्नेशियमची जोडी होती, कंपनीचं नाव घेत नाही, तिची बाहेरची भिंत असाच एक टवका उडून पिनेसकट गेली. शिवाय आपल्या हवेचा विचार करा. स्टीलच्या पिना आणि मॅग्नेशियमची बॉडी, मधे ओल आणि मीठ, की दोन धातूंमधली गंजण्याची क्रिया सुरू होते आणि मॅग्नेशियम आधी खाल्लं जातं. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच, पिनांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली की थोड्याच दिवसांत पिना जाम होतात. नायलॉनला ही कटकटच नाही.

टायटॅनियम अ‍ॅक्सलवाली पेडलं बघून भुलू नका. स्टीलची घनता 7.85 आणि टायटॅनियमची 4.5, म्हणजे कागदावर वजन छान कमी होतं, पण त्याचा ताठपणा स्टीलच्या जवळजवळ निम्माच, त्याच जाडीत ते जास्त वाकतं. बऱ्याच कंपन्या अशा पेडलांना रायडरच्या वजनाची मर्यादा घालतात आणि ती साध्या चालवण्यासाठी असते, मीटरभर उंचीवरून दोन्ही पायांवर आदळण्यासाठी नाही. बॉडी फुटली तर पाय घसरेल, अ‍ॅक्सल तुटलं तर तुम्ही पूर्ण वजनासकट टॉपट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) किंवा दगडावर जाता, आणि सूचना न देता जाता. तिथे पन्नास-साठ ग्रॅम वाचवण्यात काय अर्थ आहे.

टिकण्याचा खरा प्रश्न बेअरिंगचा आहे, बॉडीचा नाही. नायलॉन म्हणा की अ‍ॅल्युमिनियम, पातळ पेडलांमध्ये क्रँकच्या बाजूला बुश असतो, आपण धक्के एकाच बाजूने देतो म्हणून तो एकाच बाजूने झिजतो आणि पेडलला प्ले येतो, धरून हलवलं की टकटक. थोडा प्ले चालतो, पण मागच्या चाकावर उभं असताना पायाखाली ती टकटक लागते आणि बॅलन्सवरचा भरवसा जातो. यावर उपाय साधा आहे: पावसाळ्यात महिन्याने आणि एरवी तीन-चार महिन्यांनी टोकाची टोपी काढा, नट सोडा, अ‍ॅक्सल ओढून पुसा, नवीन ग्रीस भरा, नट नीट आवळून परत बसवा. डीएमआर व्ही 8 ला तर ग्रीस भरायला वेगळं भोकच दिलंय, ते पेडल जड आहे पण ज्याला खोलाखोली नको त्याच्यासाठी ती सोय मला फार आवडते. धुताना प्रेशर वॉशर पेडलवर थेट मारू नका, सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर.

बसवताना दोन गोष्टी. क्रँकचे आटे 9/16 इंची आहेत ना ते बघा, लहान मुलांच्या आणि काही बीएमएक्सच्या एका तुकड्याच्या क्रँकला 1/2 इंची लागतात, ते जुळणार नाही. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. यामागे कारण आहे, पेडलवर भार असताना अ‍ॅक्सल भोकात अगदी बारीक डुलत फिरत असतं आणि ते डुलणं त्याला हळूहळू वळवतं, दोन्हीकडे सरळ आटे असते तर डावं पेडल चालवता चालवता सुटलं असतं. आट्यांना ग्रीस लावा आणि हाताने चार-पाच फेरे सहज गेल्याशिवाय पाना लावू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये तिरकं गेलेलं स्टीलचं अ‍ॅक्सल आटे खाऊन टाकतं आणि मग पेडलच्या कितीतरी पट किमतीची क्रँक जाते. घट्ट मात्र व्यवस्थित करा, साधारण 35 ते 40 न्यूटन मीटर, आणि पहिल्या एक-दोन सेशननंतर परत एकदा पाना लावून बघा.

किमतीचं म्हणाल तर बाहेर हे 50-60 डॉलरचं पेडल आहे, आपल्याकडे दुकानागणिक आणि स्टॉकप्रमाणे बदलतं, बॉक्स उघडून दोन्ही पेडलं हातात फिरवून घ्या, अडखळता कामा नये आणि आडवा प्ले नको. ज्यांचं बजेट एवढं नाही त्यांनी स्वस्तातलं नायलॉन पेडल घेतलं तरी चालेल, फक्त अ‍ॅक्सल क्रोमोलीचं आणि पिना स्टीलच्या बदलता येणाऱ्या पाहिजेत, नायलॉनमध्येच ओतून काढलेल्या पिना पहिल्या महिन्यात गोल होतात आणि मग ते पेडल सरावाला ठीक, उंचीवर नको. आणि पिनांचा जादा सेट पेडलबरोबरच मागवून ठेवा, नंतर एकट्या पिना शोधायला फार फिरावं लागतं.

20 इंची कॉम्प बाइकवाल्यांना एवढंच सांगेन की चेस्टर तुम्हाला रुंद वाटेल, तुमच्यासाठी लहान केजच बरं. बाकी सगळ्यांनी बिनधास्त घ्या, आणि नडगीला गार्ड लावल्याशिवाय नवीन पिनांवर पहिली राइड करू नका.