वाफसा चुकू नये म्हणून: जुना मॅसी, स्वराज, महिंद्रा, आयशर की एचएमटी?

मृगाचा पाऊस पडून दोन दिवस उघडीप मिळाली की आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात एकच धांदल उडते. गावात भाड्यानं जाणारे ट्रॅक्टर चार-पाच, आणि बोलावणारे सगळेच. पाच एकरवाल्याचा नंबर पंधरा एकरवाल्याच्या मागं लागतो आणि तोवर रानातला वाफसा, म्हणजे मशागतीला आणि पेरणीला बेताची ओल, निघून गेलेला असतो. छोट्या शेतकऱ्यानं जुना ट्रॅक्टर का घ्यावा, याचं माझ्या लेखी हे एकच कारण आहे. नुसता भाड्याचा हिशोब मांडला तर चार-पाच एकरांना घरचा ट्रॅक्टर परवडत नाही. पण वाफशाच्या सकाळी दारात उभा असलेला, सेल्फ मारल्याबरोबर सुरू होणारा ट्रॅक्टर काय मोलाचा असतो, हे ज्याची पेरणी आठ दिवस मागं पडली आहे त्याला विचारा.

पुढची सगळी तुलना त्या एका सकाळीवरून केली आहे. त्या दिवशी कुठला ट्रॅक्टर हमखास सुरू होईल, आणि बिघडलाच तर त्याच दिवशी कुठला दुरुस्त होईल?

हलकं काम म्हणजे काय तेही आधी ठरवून घ्या. कल्टिव्हेटरची पाळी, चार-पाच फुटी रोटाव्हेटर, पेरणी, भाताची चिखलणी, शेणखताची आणि रताळ्याची ट्रॉली. याला 25 ते 39 एचपी पुष्कळ झाले. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात उसाचा खोडवा मोडून पलटी नांगर घालायचा असेल, तर तेवढ्या दिवसापुरता 50 एचपीचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगावा. जुन्या 35 एचपीच्या गाडीकडून ते काम ओढून घ्यायला गेलं की क्लच प्लेट जाते, आणि मग भाड्याच्या कितीतरी पट खर्च होतो.

मॅसी फर्ग्युसन 1035 पासून सुरुवात करतो, कारण खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या भातवाल्याला मी हाच पहिला सांगेन. चेन्नईच्या टाफे कंपनीचा हा ट्रॅक्टर, सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन, 36 एचपी. अंगानं आटोपशीर, बांधाच्या कडेला वळायला सोपा. आपली भाताची खाचरं म्हणजे दहा-बारा गुंठ्यांचे तुकडे. तिथं लांब अंगाचा ट्रॅक्टर निम्मा वेळ मागं-पुढं करण्यातच घालवतो. शिवाय याची हायड्रॉलिक लिफ्ट. तीन सांध्यांवर अवजार उचलायची आणि जमिनीच्या ओढीप्रमाणं खोली आपोआप सांभाळायची पद्धत मुळात हॅरी फर्ग्युसनची, आणि मॅसीच्या लिफ्टचं नाव अजून त्या जोरावर आहे. लाल मुरमाड रान जिथं दर दहा पावलांवर बदलतं, तिथं हा फरक सीटवर बसून कळतो.

मॅसीच्या उणिवाही सांगतो. जुन्या मॉडेलचे ब्रेक कोरडे. चिखलणीत आत गाळ-पाणी गेलं की ब्रेकचे लाइनर झिजतात आणि पहिल्या दिवशी ब्रेक धरत नाहीत. क्लच बहुतेकांत सिंगल, म्हणजे रोटाव्हेटर चालू असताना क्लच दाबला की गाडीबरोबर रोटाव्हेटरही थांबतो. आणि गिअरबॉक्स स्लायडिंग मेश, म्हणजे चाकं सरकवून दात दातात बसवायचे, पुढचे सहा, मागचे दोन. चालवणारा घाईचा असला तर दात झिजतात आणि गिअर सुटायला लागतो. भरलेली ट्रॉली उतारावर असताना गिअर सुटणं म्हणजे जिवाशी खेळ. खानापूरकडच्या चढ-उतारावर राहत असाल तर मॅसी बघायला गेल्यावर ट्रॉली जोडून उतारावर चालवून बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

स्वराज 735 हा दुसरा. स्वराज हा मुळातून भारतात आखलेला ट्रॅक्टर. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा झाला आणि पंजाब ट्रॅक्टर्सनं 1974 पासून तो मोहालीत बनवायला घेतला. आता तो महिंद्राकडे आहे. ट्रॉली ओढायला, मळणी यंत्राला, दिवसभर न थकता चालायला स्वराजसारखा दुसरा नाही. रचना इतकी साधी की गावातला मेस्त्री झाडाखाली उघडून बसतो. पण हा मॅसीपेक्षा अंगानं जड. खोल चिखलाच्या खाचरात रुततो, आणि रुतलेला स्वराज काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जुन्याचं स्टेअरिंगही हाताला जड लागतं. ज्यांचं रान कोरडवाहू आहे, भात थोडं आणि वाहतूक जास्त, हुक्केरी-संकेश्वरच्या बाजूचे लोक समजा, त्यांनी मॅसीच्या आधी स्वराज बघावा.

महिंद्राच्या बाबतीत रानावरून असा वाद घालावा लागत नाही. 1963 मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि बी-275 आणला. आपल्याकडे जुनी माणसं अजून त्याला "इंटरनॅशनल" म्हणतात. तो आता घेण्याजोग्या अवस्थेत मिळणं अवघड. घ्यायचा तर 265 डीआय, तीन सिलिंडर, 30 एचपी. कुठल्याच कामात पहिला नाही आणि कुठल्याच कामात अडवत नाही. सुट्या भागांची चिंता सगळ्यात कमी. फिल्टर, क्लच प्लेट, वॉटर पंप असल्या गोष्टींसाठी रविवारी दुपारी धावाधाव करायची नसेल तर 265 घ्या.

आयशर 242 वर माझा जीव आहे. 1959 मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला तो आयशरचाच, आणि 242 त्याच घराण्यातला. एकच सिलिंडर, 1557 सीसी, 25 एचपी, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप फुटायची भीती नाही. त्याचा ठोका कानात बसला की दोन रानांपलीकडूनही ओळखू येतो. डिझेल इतकं कमी पितो की मालकाला हायसं वाटतं. पाळी घालणं, पेरणी, हलकी ट्रॉली या कामांना तीन-चार एकरवाल्यानं याच्यापुढं जायची गरज नाही. पण रोटाव्हेटर लावायचा तर लहान लावावा आणि जमीन ओलसर असतानाच. एका सिलिंडरच्या हादऱ्यानं नट-बोल्ट ढिले होतात, आठवड्याला पाना घेऊन एक फेरी मारावी लागते. सिलिंडरवरच्या पात्यांमध्ये धूळ आणि भुसकट साचलं की इंजिन तापतं. धूळवाफ पेरणीच्या दिवसांत मी तर रोज संध्याकाळी त्या पात्या ब्रशनं साफ करायचो. आयशरचा ट्रॅक्टर विभाग 2005 मध्ये टाफेनं घेतला, त्यामुळं भाग मिळतात.

एचएमटी 2511 बद्दल मात्र विचार करून बोलतो. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीनं 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला बनलेला, दोन सिलिंडरचा, 25 एचपीचा. लोखंड असं की तीस वर्षांनीही इंजिनचा आवाज बदलत नाही. पण 2016 मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. आता मिळेल तो भाग दुसऱ्या मोडक्या एचएमटीतून काढलेला. तुमच्या दहा किलोमीटरच्या आत झेटरवर हात बसलेला मेस्त्री असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर वाफशाच्या सकाळी तो दारातच उभा राहील.

आता बघायला कसं जायचं. सकाळी लवकर जा, आणि येतोय म्हणून फोन करू नका. मी ज्या मेस्त्रींना घेऊन जायचो ते पोचल्या पोचल्या एकच करायचे. बॉनेट उघडून इंजिनवर तळहात टेकवायचे. "गरम लागलं तर चल गा घराकडं," म्हणायचे. मालकानं आधीच सुरू करून ठेवलेलं इंजिन थंड असताना कसं उठतं हे कधीच कळत नाही. थंड असेल तर डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर आत पाणी मिसळतंय, तिथंच थांबा. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग बघा. इंजिन सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करा, धुराचे भपकारे यायला लागले तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या कडेनं धूर खाली गळतोय, आणि इंजिन बांधायला झालंय. नुसत्या त्या कारणानं सोडून देऊ नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोअर, लायनर, क्रँक ग्राइंडिंगची कामं करणारे हात आहेत. फक्त तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

इंजिनापेक्षा लोक लिफ्टला फसतात. मागं रोटाव्हेटर किंवा दगड भरलेली पेटी अडकवा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि लिफ्टच्या हातावरून शेजारच्या पोलादापर्यंत खडूनं एक सलग रेघ ओढा. चहा घेऊन या. पंधरा मिनिटांत रेघ बोटभर सरकली तर जुन्या यंत्राला ते चालतं. अवजार जमिनीला टेकलं असेल तर सिलिंडरचे सील किंवा वॉल्व्ह गेलेले आहेत. पुढच्या चाकाखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवा, किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा, खेळ हाताला कळतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचे थेंब पडलेत का, तेही वाकून बघा.

आणि कागद. आमचा भाग सीमेवरचा, निम्मा बाजार पलीकडं. माझा पहिला ट्रॅक्टर मी गडहिंग्लजच्या बाजूनं आणला, एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंगचा. मध्यस्थानं सांगितलं, कागद आठ दिवसांत होतील. घरी आणल्यावर आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, नीट वाचली तेव्हा कर्जाचा बोजा अजून चढलेलाच होता. तो उतरवून, तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणून बेळगावचा केए-22 नंबर पडेपर्यंत आठ महिने गेले. सगळा एक पेरणीचा हंगाम विम्याशिवाय भीत भीत चालवला, आणि रात्री झोप लागायची नाही. म्हणून सांगतो: परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, हे सगळं हातात आल्यावरच शेवटची रक्कम द्या. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं नूतनीकरण झालंय का आणि कधीपर्यंत, तेही बघा. ते एका वेळी पाच वर्षांचं होतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, हे विकणारा सहसा सांगत नाही. चॅसीवरचा ठोकलेला नंबर चिंधीनं पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा.

एवढं बघून भाताची खाचरं जास्त असतील तर मॅसी घ्या, वाहतूक आणि कोरडवाहू असेल तर स्वराज. घरात यंत्राची फारशी जाण नसेल तर 265. तीन एकर आणि रोज अर्धा तास हातानं निगा राखायची तयारी असेल तर आयशर. कुठलाही घेतलात तरी किमतीचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी टायर, क्लच, बॅटरी यातलं काहीतरी नक्की येतं. आणि खरेदी मार्चच्या आत उरका. मे महिन्यात पाऊस तोंडावर आला की विकणारा एक रुपयासुद्धा कमी करत नाही, आणि मेस्त्रीलाही तुमच्यासाठी वेळ नसतो.