बेकरीच्या शाखा वाढल्या आणि खारी नरम पडली (आठ महिन्यांचा अनुभव)

गेल्या रविवारी व्याही पहिल्यांदाच घरी आले. चहाबरोबर खारीचं नवं पाकीट फोडलं, तर खारी हातातच वाकली. मोडली तरी आवाज नाही. पाकिटावरच्या स्टिकरवर तारीख मात्र त्याच दिवसाची! आईने बशी हळूच आत नेली. त्या क्षणी ठरवलं, हे लिहायचंच.

बेकरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आई लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा जुन्या नाशकात त्यांचं एकच दुकान होतं. मागे भट्टी, पुढे फळीवर पत्र्याचे डबे. लादी पाव, बटर, टोस्ट, खारी, एवढाच माल. दिवाळीच्या आधी आई घरून मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन जायची आणि नानकटाई भाजून आणायची. प्रत्येक घराचा पत्रा वेगळा, त्यावर नावाची चिठ्ठी. लहानपणी त्या रांगेत मी तिच्याबरोबर तासन्‌तास उभी राहिले आहे.

मग पुढची पिढी आली. कॉलेज रोडला दुकान झालं, नंतर नाशिक रोड, सिडको, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या इंदिरानगरात. माल आता अंबडच्या एमआयडीसीत तयार होतो आणि पहाटे गाड्या निघतात. हा रस्ता नवा नाही. मॉन्जिनीस मुंबईत कारखान्यात केक करून फ्रँचायझी दुकानांतून विकत मोठी झाली. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी १९५५ ची, पण लोक श्रूजबेरीसाठी त्या एका दुकानाच्या दारात रांग लावतात. आमच्या बेकरीने पहिला रस्ता धरला, आणि मला तो चुकीचा वाटत नाही. नुसत्या पावात कितीसा पैसा सुटणार? केकनेच दुकान चालतं. पाव मात्र बंद करता येत नाही, कारण रविवारी सकाळी नाशिकला मिसळीबरोबर पाव लागतोच.

जूनपासून आमच्याकडे सगळं याच बेकरीतून येतं. पाव उत्तम, आंबूस वास नाही, दुसऱ्या दिवशीही भुगा होत नाही. टोस्ट चांगला. केक मी फारसा घेत नाही, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा यांनी त्याच आठवड्यात दर उतरवले. मी जुनं बिल जपून ठेवलं होतं, ताडून पाहिलं, बरोबर निघालं. त्याबद्दल पूर्ण गुण.

पण खारी! पाव किलोला नव्वद रुपये मोजायचे आणि घरी आणून तव्यावर पुन्हा भाजायची? गॅस माझाच जाणार ना. जुलै-ऑगस्टमध्ये चारपैकी तीन पाकिटं नरम निघाली. काउंटरवर विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, आजचीच आहे, तारीख बघा." तिसऱ्या वेळी मी हटले नाही. तेव्हा कळलं की ती तारीख खारी वजन करून पाकिटात भरल्याची असते. भाजली कधी, हे स्टिकरवर कुठेच नाही. मग गिऱ्हाइकाने ती तारीख बघून काय समजायचं? मॅनेजरने पाकीट बदलून दिलं, पण बदलून दिलेलंही त्याच ट्रेमधलं.

माझं तेव्हा ठाम मत झालं होतं की कारखान्यामुळेच हे झालं. भट्टी गेली, चव गेली, असं मी चार जणींना सांगूनही आले. ते मत मला बदलावं लागलं.

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन मूळ दुकानात गेले होते. तिथे अजून जुने काका बसतात. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, खारी कागदात बांधून दिली. घरी येऊन मोडली तर टचकन आवाज आला, पदर न्‌ पदर सुटा. मला वाटलं, इथे अजून भट्टीवर भाजतात. काका म्हणाले, "नाही ताई, भट्टी केव्हाच बंद झाली. हाही अंबडचाच माल. तुमच्या दुकानात जातो तोच."

म्हणजे कारखान्याचा दोष नव्हता. खारीत मैद्याच्या आणि तुपाच्या घड्या असतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते, आणि मग मंद आचेवर खारी आतपर्यंत सुकवावी लागते. अशी कोरडी वस्तू हवेतला ओलावा लगेच ओढून घेते. आमच्या शाखेत ती काचेच्या काउंटरवर उघड्या ट्रेमध्ये दिवसभर मांडलेली असते, दिसायला छान म्हणून. बाहेर पाऊस, दार सतत उघडं. संध्याकाळी जी उरते तीच सकाळी पाकिटात भरतात आणि वर नवी तारीख चिकटवतात.

तूप म्हटलं तरी ते वनस्पतीच. तिथेही माझी एक तक्रार मागे घेते. पूर्वी खारी खाल्ली की टाळूला मेणासारखा थर बसायचा, तो आता कमी आहे. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, आणि वनस्पतीही त्यातच मोडतं. आईच्या वयाला हा बदल चांगलाच. ती ७८ वर्षांची आहे, रोज सकाळी दोन खाऱ्या खाते, आणि नरम खारी तिच्या कवळीला चिकटते. माझा सगळा त्रागा तिथून सुरू होतो.

दिवाळीनंतर मी इंदिरानगरच्या मॅनेजरला दोन गोष्टी लेखी दिल्या. खारी झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि स्टिकरवर भाजल्याची तारीख छापा. त्यांनी शांतपणे वाचलं, अंबडला कळवतो म्हणाले. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खारी आपोआप बरी लागली, म्हणून मला वाटलं सुधारणा झाली. गेल्या रविवारच्या पाकिटाने खरं काय ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर ट्रे तसाच उघडा.

पाव, टोस्ट अजूनही तिथूनच आणते आणि आणत राहीन. खारीसाठी मात्र दर शनिवारी सिटी बसने जुन्या नाशकात जाते. जाताना घरचा पत्र्याचा डबा बरोबर नेते. काका तो आधी कोरड्या फडक्याने पुसतात, मग भरतात.