गुगल फोटोज आणि डिजीकॅम : घरच्या फोटोंचा सांभाळ

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजवर चढवलेले नवे फोटो बहुतेक फोनांच्या बाबतीत जीमेल आणि ड्राइव्हसह मिळणाऱ्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजले जातात, त्यामुळे घरात एखादे लग्न झाले की ती जागा भरायला वेळ लागत नाही. चेहऱ्यावरून शोध मात्र अप्रतिम आहे. तरीही याला बॅकअप म्हणणे धाडसाचे, कारण अ‍ॅपमधून फोटो उडवला की तो क्लाउडमधूनही जातो आणि कचरापेटीत जेमतेम ६० दिवस राहतो. म्हणून मी संगणकावर डिजीकॅम हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवले. सेटिंग नीट केल्यास ते नावे आणि शेरे थेट फोटोच्या फाइलमध्ये लिहिते. आजोबांच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेले ‘वाडा, दिवाळी’ मी तसेच उतरवले आहे. रचना किचकट आहे (माझा एक अख्खा रविवार त्यात गेला), पण मूळ संग्रह आता बाह्य हार्ड डिस्कवर असतो आणि क्लाउडमध्ये केवळ दुसरी प्रत.