वाळवंटातली शाळा: जाड भिंत घ्यावी, की इन्सुलेशन आणि एसी?

वाळवंटात शाळा बांधायची म्हटलं की साधारण दोन नकाशे समोर येतात. एकात दगडाच्या नाहीतर मातीच्या जाड भिंती, मधे चौक, जाळ्या. दुसऱ्यात हलक्या ब्लॉकच्या भिंतींवर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), घट्ट बसणाऱ्या खिडक्या, एसी आणि छतावर सोलर. पर्यावरणपूरक असल्याचा दावा दोन्हीकडे असतो. निवड करताना बहुतेक जण भिंतीपासून सुरुवात करतात. खरं तर ती मुलांपासून करायला हवी.

बसलेलं मूल साधारण ७५ वॅट उष्णता सोडतं. ४० मुलांचा वर्ग म्हणजे ३ किलोवॅट, जणू दीड हजार वॅटचे दोन हीटर खोलीत चालू आहेत. शिवाय ताजी हवा हवीच. मुलामागे सेकंदाला ८ लिटर धरा. बाहेर ४२ अंश आणि आत ३२ अंश असतील, तर त्या हवेसोबत आणखी साडेतीन ते चार किलोवॅट आत येतात. घराचा नकाशा मोठा करून शाळा होत नाही, त्याचं कारण हेच. हे सात किलोवॅट भिंतीतून आलेले नाहीत, त्यामुळे नुसती भिंत बदलून ते जात नाहीत.

जाड भिंत

३० सेंटिमीटर मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला ढोबळमानाने ८ ते १० तास लागतात. सकाळी ८ वाजता पूर्वेच्या भिंतीवर पडलेलं ऊन आत जाणवतं ते संध्याकाळी, वर्ग रिकामे झाल्यावर. घरात हीच उष्णता झोपेच्या वेळी छळते. दिवसा भरणाऱ्या शाळेला मात्र ती सोयीची आहे. वसतिगृह त्याच इमारतीत असेल तर हा फायदा तिथेच संपला.

पण दिवसभर तापलेली भिंत रात्री निववावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. शाळा सुटली की शिपाई सगळ्या खिडक्या लावून कुलूप घालतो. चार-पाच दिवसांत भिंती तापून बसतात आणि मग सकाळी ८ वाजताही वर्ग कोंदट लागतो. उपाय साधा आहे: छताखाली समोरासमोरच्या भिंतींत गज आणि जाळी लावलेले झरोके, रात्रभर उघडे आणि सकाळी ७ पूर्वी बंद. डासांची बारीक जाळी धुळीने बुजते; ती काढून झटकता येईल अशी चौकट ठेवा. रात्री पारा २५-२६ अंशांखाली उतरत नसेल, तर जाड भिंतीवर पैसे घालू नका.

मातीचा दुसरा शत्रू पाणी. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास पुरात बुडालं. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, आठवडेच्या आठवडे साचून राहिलं. वाळवंटात पाऊस क्वचित येतो, पण आला की असा येतो. म्हणून जोतं उंच घ्या आणि भिंतीचा खालचा अर्धा मीटर दगडातच करा. खारं पाणी वापरून बांधलेल्या भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यांनी गळतो.

जैसलमेरजवळ कनोईतली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा (वास्तुरचनाकार डायना केलॉग, २०२१) या घराण्यातली: स्थानिक वालुकाश्म, आतून चुन्याचा गिलावा, जाळीच्या भिंती, लंबगोल चौक, वर सावलीही देणारे सोलर पॅनल. जाळी सुंदर दिसते म्हणून तिची नक्कल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जाळीच्या आतून बंद होणारी झडप हवी. नाहीतर आंधीत वह्यांवर वाळू आणि जानेवारीच्या सकाळी मुलं कुडकुडणार.

इन्सुलेशन आणि एसी

इथे खोली लवकर थंड होते, थंडीतही उबदार राहते, धूळ बाहेर राहते. फसतं ते हवेत. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. ६ बाय ८ मीटरच्या बंद वर्गात ४० मुलं बसली की अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) पुढे जातो आणि मुलं पेंगायला लागतात. म्हणून जाणाऱ्या थंड हवेतला थंडावा येणाऱ्या हवेला देणारं व्हेंटिलेशन यंत्र बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. 'नंतर बसवू' म्हणून सोडलेलं ते कधीच बसत नाही.

सोलरचा हिशोबही तपासा. पॅनल ६५ अंशांवर तापलं की छापील क्षमतेच्या सुमारे १५ टक्के वीज जाते, धुळीचं नुकसान वेगळं.

छताचा खर्च दोन्हीकडे

उन्हाळ्यात भर दुपारी छतावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं. १२ सेंटिमीटरचा उघडा स्लॅब ती उष्णता तीन-चार तासांत, नेमकी शेवटच्या तासांना, खाली देतो. स्लॅबच्या वरून ७५ ते १०० मिलिमीटर एक्सपीएस (कडक फोमचे तक्ते) आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) हवं. इन्सुलेशन खालून लावलं तर स्लॅब तापतच राहतो आणि तडकतो. पैसे कमी असतील तर भिंत बारीक करा, छत नको. बुर्किना फासोमधल्या गांदोच्या शाळेत (२००१) फ्रान्सिस केरे यांनी विटांच्या छतावर अंतर ठेवून पत्र्याचं दुसरं छत उचललं, मधून वारा वाहतो. ती युक्ती वाळवंटातही चालते. पत्रा मात्र वादळाला पुरेल इतका घट्ट बांधावा लागतो.

निर्णय वेट बल्बवर

वेट बल्ब म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा; पाणी उडवून हवा जास्तीत जास्त किती गार करता येईल, ते तो सांगतो. तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा, टेबलफॅनसमोर धरा आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत तीन-चार मिनिटं थांबा. हे जागेवर, दुपारी १ वाजता, शाळा चालू असते त्या महिन्यांत करा. सुट्टीच्या महिन्यातला उच्चांक उपयोगाचा नाही. थरच्या वाळवंटात खरी परीक्षा एप्रिलमध्ये आणि दमट जुलै-ऑगस्टमध्ये असते.

आकडा २४ च्या खाली असेल तर जाड भिंत, इन्सुलेटेड छत आणि कूलरसारख्या ओल्या पॅडवरून येणारी ताजी हवा, हेच घ्या. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या पॅडमधून २६ अंशांवर येते. वर नमूद केलेल्या हवेच्या दुप्पट हवा दिली तर वर्ग पंख्यासह ३० अंशांच्या आसपास राहतो. त्याला तासाला १७ लिटर पाणी, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडावं लागणारं वेगळं. हे पाणी टँकरने आणावं लागत असेल, तर निर्णय तिथेच बदलतो.

आकडा २६ च्या वर असेल, म्हणजे अबू धाबी-दोहासारखं किनारी वाळवंट, तर पॅडचा मोह सोडा आणि इन्सुलेशनकडे जा. अबू धाबीतल्या पूर्वीच्या मसदार इन्स्टिट्यूटच्या आवारात ४५ मीटरचा वातमनोरा (वारा खाली आणणारा मनोरा) आहे, पण तो उघड्या चौकासाठी; इमारतींच्या आत एसीच आहे. २४ ते २६ च्या मधे जाड भिंत ठेवा, पॅड कोरड्या महिन्यांपुरते चालवा आणि एका मोठ्या खोलीत, परीक्षेसाठी, एसीची तरतूद करा.

झरोके रोज पहाटे कोण बंद करणार, त्या माणसाचं पद नकाशा मंजूर करतानाच लिहून घ्या.