चाचणी द्यावी की समोर बसून बोलावं?

कॉलेजात मुख्य विषय कोणता घ्यावा हे कळेनासं झालं की दोन वाटा दिसतात: आवड-चाचणी किंवा सल्लागाराची भेट.

चाचणी झटपट होते. बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत असतो. माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार: वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, पारंपरिक. सर्वाधिक गुणांच्या तीन प्रकारांची आद्याक्षरं हातात पडतात आणि "मला काहीच सुचत नाही" म्हणणाऱ्याला निदान पाच-दहा क्षेत्रांची नावं तरी मिळतात. पण चाचणी आवड मोजते, कुवत नाही. शिवाय जे काम कधी पाहिलंच नाही, त्याची आवड सांगायची तरी कशी?

सल्लागार इथे उपयोगी पडतो. "गणित नको" असं ठासून सांगणाऱ्या मुलीची गुणपत्रिका बघून तो विचारतो, "संख्याशास्त्रात तर चांगले गुण आहेत. मग नको काय, गणित की ते शिकवणारे सर?" ती हसते आणि खरं बोलणं सुरू होतं. असा उलटा प्रश्न छापील प्रश्नावलीत नसतो. पुढच्या सत्रात एखादा प्राथमिक विषय घेऊन बघ, त्या क्षेत्रातल्या दोघांशी बोल, हा गृहपाठही तोच देतो. अर्थात, बाहेर रांग लागलेली असली की वीस मिनिटं फॉर्मवर सह्या करण्यातच जातात. काहीजण तर स्वतःचीच मतं गळ्यात मारतात.

माझा कौल तरीही भेटीलाच. चाचणी द्यायची तर आधी द्या, आणि निकालातलं जे पटलं नाही त्यावर खूण करून कागद सोबत न्या.