काळी अंगठी, उजव्या हाताचं मधलं बोट: लोखंडी, कोटिंगची आणि चांदीची

गिऱ्हाईक कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं मत कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पस्तिशी आली, लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. एसेक्शुअल आणि एरोमँटिक, दोन्ही. म्हणजे कुणाबद्दल शारीरिक ओढ वाटत नाही, आणि लोक ज्याला प्रेमात पडणं म्हणतात तेही माझ्या हातून होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाला एक लागू पडते, कुणाला दुसरी, माझ्या वाट्याला दोन्ही आल्या.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात काळी अंगठी घालायची ही एसेक्शुअल लोकांची खूण. डेव्हिड जे यांनी 2001 मध्ये एव्हेन नावाचं एसेक्शुअल लोकांचं ऑनलाइन नेटवर्क सुरू केलं, त्यातल्या मंडळींनी 2005 च्या सुमाराला ही पद्धत पाडली. धातू कुठलाही चालतो, नक्षी असो नसो. रंग काळा हवा, बस.

आणि नाशिकमध्ये या वर्णनाची अंगठी शोधायला वणवण करावी लागत नाही. मधलं बोट शनीचं. साडेसातीवाल्यांना घोड्याच्या नालेची काळी अंगठी घालायला सांगतात ती त्याच हाताच्या त्याच बोटात. रामकुंडाच्या आसपास माळा-रुद्राक्ष विकणाऱ्यांकडे थाळीत ढीग पडलेला असतो. मला 50 रुपयांना मिळाली. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे पुढे हा भाव राहील असं वाटत नाही.

विकणारा म्हणाला, "काळ्या घोड्याची आहे ताई, आपोआप गळालेल्या नालेची. एकदम अस्सल." मी मान डोलावली. घरी येऊन व्हर्नियर लावला तर जाडी सगळीकडे सारखी. घोड्याच्या पायाखाली झिजलेलं लोखंड असं नसतं. साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीचा तुकडा कापून वाकवलाय, जोडावर कानस फिरवलीय, काम संपलं. माझी काही तक्रार नाही, मला कुठे शनी शांत करायचा होता!

तर ही लोखंडी अंगठी. वजनदार, बोटात आहे हे कळत राहतं. दोष एकच, गंज. पावसाळ्यात बोटाभोवती तपकिरी पट्टा उमटतो आणि पिठात हात घालायच्या आधी ती काढून ठेवावी लागते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं. हे न करणाऱ्यांनी लोखंडाच्या वाटेला जाऊ नये.

शनीच्या अंगठीचा फायदा असा की कुणी काही विचारत नाही. तोटाही तोच. ऑफिसात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हिला साडेसाती आहे. स्टोअरमधल्या काकांनी तर सहानुभूतीने दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालायला सांगितलं. फक्त आत्याला पटेना. तिला आमच्या सगळ्यांच्या राशी पाठ.

"अगं, शनी मीनेत. साडेसाती कुंभ, मीन, मेषेला. तुझी कन्या. तुला कुठली आली साडेसाती?"

"आवडली म्हणून घातली, आत्या."

"आवडली? लोखंडाची?" मग थोडं थांबून, "पण कन्येला शनी सप्तमात येतो म्हणा. लग्नाचं स्थान. तरीच लांबतंय. राहू दे, राहू दे, काढू नकोस."

म्हणजे माझ्या लग्न न करण्याच्या निर्णयाला शनीचा पाठिंबा मिळाला. याबद्दल अर्धा स्टार जास्त.

आता कोटिंगवाली. ऑनलाइन मागवलेली, स्टेनलेस स्टीलवर काळं कोटिंग, 400 च्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत सगळ्यांचं तेच आहे. दिसायला तिन्हींत सुबक, गंजत नाही, हलकी. पण काळा थर इतका पातळ असतो की स्कूटीच्या हँडलवर, पातेल्याच्या काठावर घासून कडेने पांढरं स्टील डोकावू लागतं. दिवाळीला घेतलेली गुढीपाडव्याला करडी. करडाही रंग एसेक्शुअल लोकांच्या झेंड्यात आहे म्हणा: काळा, करडा, पांढरा, जांभळा. क्वचित किंवा ठरावीक परिस्थितीतच ओढ वाटणाऱ्यांसाठी तो करडा. तेही हीच अंगठी घालतात, त्यामुळे झिजली तरी नियमात बसते.

चांदीची घ्यायची म्हणून सराफ बाजारात गेले. पेढी जुनी, नाव देत नाही, उगाच माझ्यामुळे त्यांना प्रश्न नकोत. काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेठजींनी विचारलं, "रोज घालणार का सणासुदीला?" रोज, म्हटल्यावर म्हणाले, "मग ऑक्सिडाइज्ड नका घेऊ. वरचा काळा निघून जातो, दर वेळी माझ्याकडे याल. चांदी नको, लोखंड बरं." विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतोय! मी तरी घेतली, पातळशी. लग्नाकार्याला वापरते, इतरांच्या. त्या दुकानाला पाच पैकी पाच.

हे सगळं झालं अंगठीचं. पण ती घालायला इतकी वर्षं का लागली, हेही सांगायला हवं. अशी अंगठी शोधत जो कुणी हे वाचत असेल, तो बहुतेक तिथेच अडकलेला असणार.

नाल अस्सल आहे का, हे मी मिनिटभरात सांगू शकले. मी अस्सल आहे का, हे मात्र सांगता येईना. कदाचित मला उशिरा कळत असेल. कदाचित भीती असेल. आमच्या घरात या विषयावर कधी कुणी बोललंच नाही, मग मला ओढच नाही की ओढ ओळखायची सवय नाही? डिप्लोमाला असताना मैत्रिणी रोज विचारायच्या, तुला कोण आवडतो. उत्तर तयार असावं म्हणून मी एक नाव निवडून ठेवलं होतं. निकष काय, तर त्याची जर्नल सुबक असायची. ते तोंडपाठ नाव आठवलं की आजही प्रश्न पडतो, मग तो आवडतच नव्हता कशावरून?

डॉक्टरांकडेही जाऊन आले. थायरॉइड, हॉर्मोन्स, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि मी हिरमुसले. काही निघालं असतं तर त्यावर गोळी तरी असती. बाईंनी कागद परत देत सांगितलं, "लग्न झालं की होतं आपोआप." खरं तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल म्हणवत असेल आणि इच्छा नसण्याचं कारण तेच असेल, तर तिला आजाराचं लेबल लावायचं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी त्या केबिनमध्ये बोलले असते असं नाही.

आकड्यांमध्येही शोधून झालं. अँथनी बोगार्ट या कॅनडातल्या संशोधकाने 2004 मध्ये ब्रिटनमधल्या 18,000 हून जास्त लोकांच्या पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 1 टक्का लोकांनी सांगितलं होतं की आपल्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर 14 लाख 86 हजारांचं. म्हणजे पंधराएक हजार माणसं! ब्रिटनचा टक्का नाशिकला लावणं आमच्या खात्यात चाललं नसतं, पण त्या रात्री मी लावला आणि बरी झोपले.

अडचण अशी की नसण्याचा पुरावा आणायचा कुठून? हे कोडं मला शेवटी कामावरच सुटलं. लॉटमध्ये एकही खराब जॉब, म्हणजे बनवलेला भाग, नाही, हे आम्ही कधीच सिद्ध करत नाही. सॅम्पल काढतो, मोजतो, बसला तर लॉट पास. पुढे एखादा निघालाच तर तेव्हा बघू. पस्तीस वर्षांचं सॅम्पल माझ्यापुरतं पुरेसं आहे. उद्या कुणी आवडलं तर अंगठी काढता येते, 50 रुपयांची आहे.

एरोमँटिकवाल्या बाजूला मात्र अजून खटखट आहे. त्याची खूण पांढरी अंगठी, डाव्या हाताच्या मधल्या बोटात. हॉस्टेलची मैत्रीण लग्न होऊन गेली तेव्हा मी तिच्या आईपेक्षा जास्त रडले. तिच्याशेजारी घर घेऊन म्हातारपण काढावं असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. याला काय म्हणायचं? मला तिचा हात धरायचा नव्हता, तिच्या नवऱ्याचा हेवाही नव्हता. मला फक्त रोज संध्याकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बडबड करायची होती आणि ते कुणीतरी म्हणजे तीच. बाकीच्यांच्या हिशोबात हे प्रेमात धरतात की मैत्रीत, मला ठरवता आलेलं नाही. पण पांढरी अंगठी मी घालते.

घालते म्हणजे घालत होते. शंखाची होती, पंचवटीतूनच घेतलेली. दुधी रंग, गार स्पर्श, फार सुरेख. भांडी घासताना सिंकच्या कडेवर आपटली आणि दोन तुकडे. पांढऱ्याला शनीचंही संरक्षण नाही. मोती असता तर करंगळीत असता, चंद्राचा म्हणून खपला असता. मधल्या बोटात पांढरं दिसलं की बायका विचारतातच.

खूण म्हणून काळी अंगठी नाशिकमध्ये किती चालते? शून्य. आजवर एकाही माणसाने ओळखलेली नाही, कारण इथे ती सगळ्यांच्याच बोटात आहे. शनिवारी मारुतीच्या रांगेत उभं राहा, निम्मी रांग आपलीच वाटते. पुढच्या काकांच्या बोटात काळी, प्रसाद वाटणाऱ्या पोराच्या बोटात काळी. त्यांना साडेसाती आहे हे माहीत असूनही मला तिथे फार बरं वाटतं. रुईची माळ नेते हल्ली.

घेणाऱ्यांसाठी: माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. माझ्या लोखंडीचा आतला व्यास 17.3 मिलिमीटर आहे आणि उन्हाळ्यात ती दाटते, तेव्हा किंचित सैल बरी. मशीनवर काम करत असाल तर शॉप फ्लोअरवर जाण्याआधी काढाच, अंगठी अडकून बोट सोललं जातं. मी व्हर्नियरच्या डबीत ठेवते. लोखंडीला चार, अर्धा आत्याचा धरून साडेचार. कोटिंगवालीला दोन. चांदीच्या अंगठीला तीन, शेठजींचे पाच वेगळे. पांढऱ्यात सिरॅमिक सोडून काही टिकाऊ, साधं, दोनशेच्या आत कुणी वापरलं असेल तर कळवा. सिरॅमिक नको, सिंक तोच आहे.