वाघ्या घेवडा आणि माडग्याळी मटण

सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखे कडधान्य) आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची माडग्याळी मेंढी शेजारी ठेवून पाहिली, तर शाकाहार-मांसाहाराचा वाद अधिक नेमकेपणाने मांडता येतो. वाळलेल्या घेवड्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच कच्च्या मटणात सुमारे 20. मात्र घेवडा शिजताना पाणी शोषून घेतो, त्यामुळे वाटीभर उसळीत हे प्रमाण बरेच खाली येते. घेवड्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी, तर ज्वारीत लायसिन कमी असल्याने उसळ आणि भाकरी एकमेकींची उणीव भरून काढतात. लोहाच्या बाबतीत मटण सरस आहे, कारण मांसातील हीम लोह शरीर सहज शोषून घेते; तरी उसळीवर लिंबू पिळले आणि जेवणानंतर लगेच चहा घेणे टाळले, तर वनस्पतिजन्य लोहही अधिक लागू पडते. ब-12 जीवनसत्त्व कडधान्यांत नाहीच. तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याने त्यासाठी दूध-दही नियमित घ्यावे.

जतच्या कोरडवाहू माळावर मेंढी माणसाला न पचणाऱ्या गवताचे अन्न करते, म्हणून तेथील मेंढपाळाला मांस सोडण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. मका-सोयाबीनवर वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीला हा युक्तिवाद लागू होत नाही. प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच, आणि तिथे शाकाहाराची बाजू निःसंशय भक्कम आहे. ज्या घरी कडधान्य आणि दूध पुरेसे आहे, त्यांनी घेवडाच निवडावा, असे माझे मत आहे.